जळगाव-धुळे, हवेतून

जळगावहून धुळ्याला जायचं तर वाटेत एरंडोल लागतं, पारोळा लागतं आणि मे महिना असेल तर डोक्याला ओला रुमाल लागतो. स्वतःच्या पंखांनी उडत जायचं असेल तर काय काय लागेल, याचा हिशोब मागच्या उन्हाळ्यात मला करावा लागला. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, पण इतका बारीक हिशोब कुठल्या पाठ्यपुस्तकानं माझ्याकडून करून घेतला नव्हता. तो करून घेतला धुळ्याच्या भाच्यानं, आणि भाच्याच्या मागे लागला होता एक मोबाइल गेम.

गेमचं नाव 'कॅटाक्लिझम : डार्क डेज अहेड'. जग बुडालेलं आहे, अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड नावाच्या मुलखात मेलेली माणसं उठून फिरताहेत आणि आपण एकटे उरलोय. खायचं शोधा, प्यायचं शोधा, जगून दाखवा. जगभरची हौशी मंडळी हा गेम मिळून लिहितात, तेही फुकट; आणि फुकट काम करणाऱ्याइतका काटेकोर माणूस दुसरा नसतो. त्यामुळे यात तहान लागते, थंडी वाजते, कुठल्या पिशवीत काय मावेल याचाही हिशोब ठेवावा लागतो. भाचा देवपुरातल्या घरी कूलरसमोर गादीवर पडून न्यू इंग्लंडच्या बर्फात कुडकुडत असतो आणि आतून त्याची आई, आमची अक्का, ओरडत असते, की अरे, टाकीत पाणी तरी भर.

या गेममध्ये म्युटाजेन नावाचं एक द्रव्य मिळतं. ते प्यायलं की शरीर पालटतं. भाच्यानं खूप खटपटी करून पक्ष्यांच्या जातीचं म्युटाजेन मिळवलं आणि तो ते प्यायला. चोच आली, अंगावर पिसं आली, हाडं पोकळ झाली आणि शेवटी पाठीवर ऐसपैस पंख फुटले. पेढे वाटायचेच बाकी होते. मग त्यानं त्या पंखांची माहिती वाचली. तिचा मथितार्थ असा होता : तुमचं शरीर जड आहे, तुम्हाला उडता येणार नाही, मात्र उंचावरून पडलात तर जरा सावकाश पडाल.

लगेच मला फोन. "मामा, मेलेली माणसं चालतात ते यांना चालतं, आणि जिवंत माणूस उडलेला चालत नाही! हा कुठला न्याय?"

तक्रारीत दम होता, हे कबूल करायला हवं. एकदा मढी उठून चालायला लागली की वजनकाटा घेऊन बसण्यात काय अर्थ? पण मला उत्तर सुचलं ते चाळीसगावच्या बाजूनं. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या परिसरात भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख आहे. त्यांच्या नातवानं तिथं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला होता. त्यामुळे भास्कराचार्य आपलेच, असं आम्ही खान्देशी लोक छातीठोक सांगतो. त्यांच्या लीलावतीत एक माकडांचं गणित आहे. शंभर हात उंच झाड, बुंध्यापासून दोनशे हातांवर तळं. एक माकड झाडावरून उतरून चालत तळ्यावर जातं. दुसरं शेंड्यावरून सरळ वर उडी मारतं आणि तिथून तिरकं तळ्यावर झेपावतं. दोघांनी कापलेलं अंतर सारखंच. तर दुसऱ्यानं वर उडी किती मारली? उत्तर येतं पन्नास हात. म्हणजे साधारण साडेबावीस मीटर, सातमजली इमारतीइतकी उंच, तीही उभ्या जागेवरून! असं माकड साताऱ्यात नाही, सातपुड्यात नाही. पण आचार्यांना त्याची फिकीर नाही. माकडाला त्यांनी एक अचाट उडी माफ केली. कर्णाचा वर्ग मात्र उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतकाच आला पाहिजे, तिथं सूट नाही. भाच्याला म्हटलं, तुझा गेम लिहिणारे याच घराण्यातले. मढी उठली, ही त्यांची माकडाची उडी. एवढी एक थाप मारून झाली की पुढे पैन् पै हिशोब.

"मग मला हिशोब दाखवा," भाचा म्हणाला. कॉमर्सचा विद्यार्थी आहे.

म्हणून मी कागद घेतला. उडणारा माणूस मीच धरला, कारण भाचा सडपातळ आहे आणि मला गणित अवघड करायचं होतं. वजन ८० किलो. पंखांचं वजन धरलेलंच नाही, ही भाच्याला दिलेली सवलत. वेग तासाला ३६ किलोमीटर. आता हवा. हवा तापली की विरळ होते, आणि विरळ हवेत पंखाला उचल कमी मिळते. जळगावला जानेवारीतल्या गार सकाळी जेवढ्या पंखात भागेल, त्यापेक्षा ४५ अंशांच्या दुपारी जवळपास एक दशांश जास्त पंख लागतो. आकडे घालून पाहिले तर जानेवारीत साधारण ११ चौरस मीटर आणि मेमध्ये १२. म्हणजे लग्नसराईत उडायचं असेल तर पंख वाढवून घ्यावे लागणार.

बारा चौरस मीटर म्हणजे सुमारे १३० चौरस फूट. दहा बाय तेराची खोली. जळगावात एवढ्या खोलीत चार विद्यार्थी भाड्यानं राहतात. घारीच्या पंखांसारखी लांबी-रुंदी धरली तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २८ फूट भरतात. आमच्या घराचं पुढचं दार तीन फुटांचं. पक्षी पंख मिटतात हे मलाही माहीत आहे, पण एका बाजूचा १४ फुटांचा पंख तीन घड्या करून मिटला तरी पाच फुटांचं गाठोडं दोन्ही खांद्यांमागे उरतंच. ते घेऊन एसटीत बसता येत नाही आणि कंडक्टर त्याचं अर्धं तिकीट फाडल्याशिवाय राहणार नाही.

हे सगळं भाच्याच्या घरी स्पीकरवर चाललं होतं. त्याची आजी पलीकडे ज्वारी निवडत होती. तिनं मधेच विचारलं, "पंख फुटी ग्यात ते उताना कसा झोपशी रे भाऊ?" साऱ्या जगातल्या कल्पक लोकांनी देवदूत, पऱ्या, गंधर्व रंगवले, पण त्यांना रात्री कुशीवर झोपावं लागत असणार, हे माझ्या वाचनात कुठे आलेलं नाही.

आता पंख हलवायचे कसे? पक्ष्यांच्या शरीरात उडायच्या स्नायूंचा वाटा मोठा असतो. चांगल्या उडणाऱ्या पक्ष्यात वजनाच्या सहाव्या ते चौथ्या हिश्शापर्यंत. माझ्या ८० किलोंना तो लावला तर छातीवर तेरा ते वीस किलो निव्वळ स्नायू हवा. माझ्याकडे तेवढं वजन आहे, पण ते छातीच्या बरंच खाली साठलेलं आहे आणि त्याला स्नायू म्हणता येणार नाही. जे. बी. एस. हाल्डेन या जीवशास्त्रज्ञानं १९२६ साली एका निबंधात देवदूताचा असाच हिशोब मांडला होता. गरुडाच्या किंवा कबुतराच्या ताकदीचे स्नायू देवदूताला बसवायचे तर त्याची छाती जवळजवळ चार फूट पुढे यावी लागेल, आणि वजन वाचवण्यासाठी पायांच्या नुसत्या काटक्या कराव्या लागतील, असं त्याचं म्हणणं. हा हाल्डेन पुढे १९५७ साली भारतात राहायला आला, इथला नागरिक झाला आणि भुवनेश्वरला वारला. तो धोतर-कुर्त्यात वावरायचा, म्हणून मला तो जरा आपल्यातलाच वाटतो. चार फूट पुढे आलेल्या छातीला कुर्ता शिवणारा शिंपी मात्र त्यालाही सापडला नसता.

भाच्याकडे पोकळ हाडांचं हुकमी पान होतं. ते त्यानं टाकलं. पण पक्ष्याचं हाड पोकळ असलं तरी त्याचा पदार्थ जास्त घट्ट असतो, आणि एकूण वजनातला सांगाड्याचा वाटा पाहिला तर पक्षी आणि सस्तन प्राणी यांच्यात आपण समजतो तेवढा फरक नसतो. पान गेलं. तेव्हा त्यानं दुसरं काढलं, आणि ते खरोखरच भारी होतं.

"मामा, क्वेट्झलकोॲटलस!"

हे नाव त्यानं एका दमात म्हटलं याबद्दल मी त्याला मनातल्या मनात मार्क दिले. डायनासोरांच्या काळातला हा उडता सरपटणारा प्राणी. पंखांची लांबी दहा मीटरच्या आसपास, वजन दोनशे किलोंच्या पुढे असावं असं बरेच अभ्यासक मानतात. तो उडत होता तर ८० किलोंच्या मामानं काय घोडं मारलंय?

उत्तर त्याच्या हातांत आहे. त्याच्या पाठीवर वेगळे पंख नव्हते. त्याचे हात हेच पंख होते. एक बोट वाढत वाढत गेलं आणि त्यावर कातडं ताणलं गेलं. पक्ष्यांचे पंख म्हणजे हात, वटवाघळाचे पंख म्हणजे हात. पाठीचा कणा असलेल्या कुठल्याही प्राण्याला हात शाबूत ठेवून वर पंख मिळालेले नाहीत. दोन्ही हवं असेल तर सहा अवयव लागतात, आणि ते दुकान फक्त कीटकांचं आहे. "तुला उडायचंय ना?" मी म्हटलं. "जरूर उड. पण मग मोबाइल कशानं धरशील?" पलीकडून बराच वेळ फक्त कूलरचा आवाज आला.

कीटकांवरून आठवलं. पंखांच्या उत्परिवर्तनाचा खराखुरा इतिहास माणसात नाही, चिलटांत आहे. आणि चिलटं म्हटलं की जळगाव जिल्ह्याचा हक्क पहिला. रावेर-यावलकडची केळी पिकून घरात आली की घड फोडायच्या आधी ती हजर असतात. अमेरिकेत टी. एच. मॉर्गन यांनी आनुवंशिकतेचे प्रयोग या माश्यांवर केले, दुधाच्या बाटल्यांत आणि कुस्करलेल्या केळ्यांवर. या माश्यांत पंखांची हरतऱ्हेची उत्परिवर्तनं सापडली. कुणाचे पंख आखूड, कुणाचे वळलेले, कुणाचे नुसते कोंब, कुणाला पंखच नाहीत. पण भाच्यानं ऐकावा असा मासला म्हणजे एडवर्ड लुईस यांची चार पंखांची माशी. दोन पंखांची असते ती माशी. पंखांमागे तोल सांभाळायला दोन बारीक गाठी असतात. जनुकांत फेरफार झाले आणि त्या गाठींच्या जागी आणखी दोन सुरेख पंख आले. या कामाच्या वाटेनं लुईस यांना १९९५ सालचं नोबेल मिळालं. माशीला काय मिळालं? मागच्या पंखांना हलवणारे स्नायू नीट तयार झालेच नाहीत, तोल राखायच्या गाठीही गेल्या. चार पंखांची माशी दोन पंखांच्या माशीपेक्षा वाईट उडते. भाच्याच्या गेमनं त्याला जे सांगितलं, ते चिलटानं आधीच सांगून ठेवलं होतं.

पंख आले म्हणून उडता येतं असं नाही, हे जळगावकरांना तरी चिलटानं सांगायची गरज नव्हती. आमच्या विमानतळाचं उद्घाटन २०१२ साली झालं, आणि तेही आमच्याच जिल्ह्याच्या, तेव्हा राष्ट्रपती असलेल्या प्रतिभाताई पाटलांच्या हस्ते. धावपट्टी झाली, इमारत झाली, पाटी लागली. नियमित प्रवासी विमान यायला 'उडान' योजनेत २०१७ चा डिसेंबर उजाडला. मग ते थांबलं, मग पुन्हा सुरू झालं, मग पुन्हा थांबलं. अधल्यामधल्या वर्षांत कुणी पाहुणा "तुमच्याकडे विमानतळ आहे का?" म्हणून विचारायचा, आणि आम्ही "आहे ना!" म्हणून त्याला रेल्वे स्टेशनवर सोडायला जायचो. भाचा हे ऐकून खूष झाला. "म्हणजे जळगावनं म्युटाजेन प्यायलं होतं," तो म्हणाला.

यात आमच्या शेजारच्या नानांनी उडी घेतली. नानांचा दिवस फॉरवर्डनं उगवतो. १८९५ साली मुंबईत चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवलं होतं, राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, वेदांतली विद्या वापरून, असं त्यांनी मला वाचून दाखवलं. तळपदे खरे होते, त्यांची धडपडही खरी होती. उड्डाणाचा त्या काळातला भक्कम पुरावा मात्र कुणी पुढे आणलेला नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा हवाला दिला जातो, ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ साली तपासलं आणि त्यात वर्णन केलेली विमानं उडण्याजोगी नाहीत असं लिहून ठेवलं. मी हे सांगितल्यावर नाना म्हणाले, "तुम्ही विज्ञानवाले लोक कोणाला वर जाऊ देत नाही." नाना, भाचा आणि तो गेम यांच्यातला फरक मला तेव्हा नीट कळला. नानांच्या गोष्टीत माकडाची उडी संपतच नाही. ते वरच्या वर आणखी वर जात राहतं आणि तळं कुठंच येत नाही.

तर परत हिशोबाकडे. स्वतःच्या बळावर माणूस उडालाच नाही असं नाही. १२ जून १९७९ ला ब्रायन ॲलन नावाच्या सायकलपटूनं 'गॉसमर अल्बट्रॉस' हे पायडलचं विमान मारत इंग्लिश खाडी ओलांडली, सुमारे ३६ किलोमीटर, पावणेतीन तासांपेक्षा थोड्या जास्त वेळात. २३ एप्रिल १९८८ ला ग्रीसच्या कानेलोस कानेलोपूलोस यानं 'डेडालस'मधून क्रीट ते सँटोरिनी, ११५ किलोमीटर पार केले. जळगाव-धुळे नव्वदच्या आसपास आहे, म्हणजे पल्ल्यात आहे! फक्त 'डेडालस'चे पंख ३४ मीटरचे होते, आतला माणूस राष्ट्रीय दर्जाचा सायकलपटू होता आणि तो हातांनी फडफडत नव्हता, पायांनी पायडल मारत होता, कारण माणसाची ताकद पायांत असते. शिवाय हे विमान समुद्रावरून काही मीटर उंचीनं गेलं. आमच्याकडे त्या उंचीवर बाभळी असतात, विजेच्या तारा असतात आणि भाऊ, दादा, आबा यांच्या वाढदिवसाचे बॅनर असतात. सँटोरिनीच्या किनाऱ्याजवळ वाऱ्यानं 'डेडालस' मोडून पाण्यात पडलं. पारोळ्याच्या चौकात ते एखाद्या आमदाराच्या दोन डोळ्यांच्या मधोमध घुसलं असतं.

मला पंखांनी हवेत राहायचं तर ढोबळमानानं एक किलोवॅट लागेल, म्हणजे एका अश्वशक्तीच्या वर. धडधाकट माणूस तासभर सलग जे देऊ शकतो ते याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. तयारीचा सायकलपटू तिसऱ्या हिश्शापर्यंत. तरी भाच्याच्या समाधानासाठी धरू, की म्युटाजेननं ताकद दिली. स्नायू खाल्लेल्या अन्नातल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा भाग कामी लावतात, बाकीची उष्णता होते. धुळ्यापर्यंत अडीच तास. गुणाकार केला तर साडेआठ हजार कॅलरी. कळण्याच्या भाकरीला दोनशे धरल्या तर चाळीस-पंचेचाळीस भाकरी, एका बाजूच्या प्रवासाला. एरंडोल ही एकचक्रानगरी, बकासुराचं गाव, असं आमच्याकडे सांगतात. तो गाडाभर अन्न एकटा खायचा याचं लहानपणी नवल वाटायचं. आता वाटतं, उडत असेल.

"पंचेचाळीस भाकरी?" आजीनं पलीकडून विचारलं. "थापी कोन?"

आणि खाल्लेल्या भाकरींचं वजन पुन्हा पंखांवर. त्यासाठी पंख मोठे, त्यासाठी स्नायू जास्त, त्यासाठी भाकरी जास्त. आकार दुप्पट केला की पंखाचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि वजन आठपट. या एका ओळीपायी हत्ती जमिनीवर आहे आणि मीही.

आता खान्देशच्या बाजूनं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. उन्हानं हवा विरळ होते तशी ती वरही चढते. मे महिन्याच्या दुपारी नांगरून पडलेल्या काळ्या रानावरून तापलेल्या हवेचे लोट निघतात, आणि घारी त्यात पंखसुद्धा न हलवता चकरा मारत इवल्याशा होतात. फडफड करायची नाही, नुसतं तरंगायचं, असं ठरवलं तर भाकरीही वाचतात. धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्यावरून तोंड वाऱ्याकडे करून उडी घ्यायची, लोट पकडायचा, वर जायचं, पुढे घसरायचं, पुढचा लोट शोधायचा. ग्लायडरवाले हेच करतात. म्हणजे तरंगायला भारतात खान्देशासारखा मुलूख नाही आणि मेमधल्या दुपारी एक ते चारसारखी वेळ नाही. नेमक्या त्याच वेळी धुळे-जळगावातला शहाणा माणूस खिडकीला वाळ्याचा पडदा लावून झोपलेला असतो. निसर्गानं दिलं, पण मुहूर्त चुकीचा दिला.

भाच्यानं कागदाचा फोटो मागवून घेतला आणि दोन दिवस विचार केला. मग त्यानं गेममधल्या आपल्या पक्षीमाणसाला एका उंच इमारतीच्या गच्चीवर नेलं आणि खाली उडी मारायला लावली. पक्षीमाणूस सावकाश पडला, त्याला फारसं लागलं नाही. खाली मढी वाट पाहत उभी होती, तीही सावकाश आली.

नवा डाव त्यानं मांडला नाही. धुळ्याला गोंदूरची धावपट्टी आहे, तिथं १९२८ साली मुंबईत सुरू झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण चालतं, आणि शिकाऊ वैमानिक छोट्या विमानांतून शहरावर गोल गोल फिरत असतात. हा मुलगा जन्मापासून त्या विमानांखाली वाढला, त्यानं कधी मान वर केली नव्हती. आता तो गच्चीवर जाऊन बघायला लागला. दोघांना नेणाऱ्या तसल्या विमानाला शंभराच्या वर अश्वशक्ती लागते हे ऐकून त्यानं माझ्या कागदावरच्या एका अश्वशक्तीकडे जरा दयेनं पाहिलं, असं अक्का म्हणाली. मग तो चौकशी करून आला. व्यावसायिक परवान्याला दोनशे तासांचं उड्डाण लागतं आणि खर्च लाखांत जातो. त्या आकड्यावर त्याचे वडील काही बोलले नाहीत, नुसते उठून कूलरमध्ये पाणी टाकायला गेले. पण अडलं भलतीकडेच. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवंच. हा कॉमर्सचा. ते दोन विषय आता बाहेरून बसून सोडवावे लागणार.

तेव्हापासून रविवारी सकाळच्या एसटीनं तो माझ्याकडे शिकायला येतो. गती झाली, बल झालं, न्यूटनचे तिन्ही नियम झाले. थंडी पडल्यापासून मात्र तो दारात पाय ठेवल्या ठेवल्या मामीला भरीत मागतो. कापसाच्या काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, वर तेलाचा तवंग, सोबत कळण्याच्या पुऱ्या. आणि मामी वाढताना हात आखडत नाही. गुरुत्वाकर्षणाचा धडा मी जानेवारीपर्यंत लांबवला आहे.